निलंबित परवाना आणि मोटार विमा : चालकविषयक अटीचा इतिहास (१९१४ ते २०२४)

प्रास्ताविक

पुणे–सोलापूर महामार्गावर चौफुला मागे टाकून पाटसकडे निघाले की दौंड तालुक्यातील वरवंड हे गाव लागते. गावालगतचा व्हिक्टोरिया तलाव, खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आणि त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस ही या परिसराची ओळख आहे. पाटसजवळ भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस वाहणाऱ्या वाहनांची वर्दळ वाढली. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, भाजीपाला घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघालेले टेम्पो आणि लांब पल्ल्याचे मालट्रक एकाच रस्त्यावर येतात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ आणि २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ६५ हा क्रमांक मिळालेला हा रस्ता गावाच्या अर्थव्यवस्थेचा जसा आधार आहे, तसाच तो अपघातांचाही रस्ता आहे.

अशा गावात वाहनाचा मालक एक आणि चालक दुसरा, ही परिस्थिती अपवादात्मक नाही. मालक बहुधा शेतकरी असतो. चालक भावकीतला, शेजारच्या गावचा किंवा हंगामापुरता बाहेरून आलेला असतो. चालकाचा परवाना त्याच्या खिशात असतो आणि विम्याची पॉलिसी मालकाच्या कपाटात असते. या दोन कागदांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा प्रश्न अपघात होईपर्यंत सहसा कोणी विचारीत नाही. अपघात झाला आणि चालकाचा परवाना त्या दिवशी निलंबित होता असे निष्पन्न झाले, की 'आता विमा मिळत नाही' असे सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धे खरे आहे. त्यातील कोणते अर्धे खरे मानायचे, हे मात्र गेल्या आठ दशकांत अनेकदा बदलले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

येथे एक शब्दविषयक खुलासा आवश्यक वाटतो. शासकीय मराठीत वाहन चालविण्याच्या लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात आणि 'परवाना' हा शब्द वाहतुकीच्या परमिटसाठी राखून ठेवतात. व्यवहारात मात्र अनुज्ञप्ती हा शब्द कोणाच्याही तोंडी नाही. लोक 'लायसन' म्हणतात आणि वृत्तपत्रे 'वाहन परवाना' लिहितात. या लेखात परवाना हा शब्द लायसन याच अर्थी वापरला आहे.

परवाना आधी, विमा नंतर

मोटार वाहनांवर नियंत्रण आणणारा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्याने चालकाला परवाना सक्तीचा केला आणि गैरवर्तन करणाऱ्या चालकाचा परवाना रद्द वा निलंबित करण्याचा मार्गही ठेवला. विम्याचा त्या कायद्यात मागमूस नव्हता. मोटारीखाली सापडून एखादा माणूस दगावला तर त्याच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यान्वये दिवाणी दावा लावावा लागे. दावा जिंकला तरी हुकूमनाम्याची रक्कम देण्याची ऐपत चालकाकडे नसे आणि मालकाकडे असेलच याची खात्री नसे. थोडक्यात, निलंबन आणि नुकसानभरपाई या दोन गोष्टी त्या काळी एकमेकींपासून पूर्णपणे अलग होत्या. चालकाला शिक्षा झाली तरी जखमी माणसाच्या हाती काही पडत नसे.

इंग्लंडमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे रस्त्यावरील तिऱ्हाईत माणसाचा, विमा सक्तीचा केला. विमा कंपन्या पॉलिसीतील बारीकसारीक अटींवर बोट ठेवून पैसे नाकारू लागल्या, तेव्हा १९३४ च्या कायद्याने त्यांना बऱ्याच प्रमाणात आवर घातला. अमेरिकेतील वाट वेगळी होती. कनेक्टिकट राज्याने १९२५ मध्ये 'आर्थिक जबाबदारी'चा कायदा केला आणि मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून विमा सक्तीचा केला. या परंपरेत विमा चालकाभोवती फिरतो. परवाना निलंबित झालेल्या चालकाला तो परत मिळविण्यासाठी अनेक राज्यांत विमा कंपनीमार्फत 'एसआर-२२' नावाचे प्रमाणपत्र दाखल करावे लागते आणि त्याच्याकडून हप्ताही चढा घेतला जातो. म्हणजे निलंबित चालकाचा विमा हा तेथे बाजारातील एक वेगळा प्रकारच आहे.

भारताने इंग्रजी वाट धरली. १९३६–३७ मध्ये मोटार वाहन विमा समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्यावरील आठवे प्रकरण आले. मध्यंतरी दुसरे महायुद्ध झाले. हे प्रकरण प्रत्यक्ष अंमलात आले ते १ जुलै १९४६ रोजी. भारतीय विमा वाहनाला चिकटलेला असतो. तो मालकाच्या नावावर निघतो. पॉलिसी काढताना मालकाला स्वतःला गाडी चालविता येते की नाही, याच्याशी त्रयस्थ विम्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ज्याचा परवाना निलंबित आहे अशा व्यक्तीलाही आपल्या मोटारीचा विमा उतरविता येतो. किंबहुना गाडी रस्त्यावर आणायची असेल तर तो उतरविलाच पाहिजे. निलंबनाचा प्रश्न विमा घेताना उपस्थित होत नाही, तो दावा देण्याच्या वेळी उपस्थित होतो. आपल्याकडील सगळ्या गोंधळाचे मूळ या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३९ च्या कायद्यातील कलम ९६(२) ने विमा कंपनीला मोजकेच बचाव दिले. त्यांतील एका उपकलमानुसार पॉलिसीत तीन प्रकारच्या चालकांना वगळण्याची अट घालता येत असे : नाव घेऊन वगळलेली व्यक्ती, रीतसर परवाना नसलेली व्यक्ती आणि परवाना धारण करण्यास अपात्र ठरविलेली व्यक्ती, मात्र अपात्रतेच्या मुदतीपुरतीच. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश इंडिया जनरल विरुद्ध कॅप्टन इतबारसिंग या खटल्यात स्पष्ट केले की कंपनीला या यादीबाहेरचा कोणताही बचाव घेता येणार नाही. चालकाचा निष्काळजीपणा नव्हताच किंवा मागितलेली रक्कम अवाच्या सवा आहे, असे मुद्देही तिला स्वतःच्या नावाने मांडता येईनात. इतर दारे बंद झाल्यावर कंपन्यांच्या वकिलांचे सारे लक्ष परवान्याच्या दारावर केंद्रित झाले. पुढील अर्धशतकात परवान्यावरून इतके खटले का झाले, याचे उत्तर या निर्णयात सापडते.

'धारण करतो किंवा पूर्वी धारण केला होता'

जुन्या पॉलिसींमधील चालकविषयक कलमाची शब्दरचना अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिचा आशय असा होता की गाडी चालविणारी व्यक्ती परवाना धारण करीत असावी, किंवा तिने पूर्वी तो धारण केलेला असावा आणि ती अपात्र ठरविलेली नसावी. 'पूर्वी धारण केला होता' या शब्दांनी एक मोठा वर्ग संरक्षणात आला. ज्याच्या परवान्याची मुदत संपली पण ज्याने नूतनीकरण केले नाही, असा चालकही विम्याच्या कक्षेत राहिला. अपात्र ठरविलेला चालक मात्र बाहेर पडला.

या रचनेमागे एक समजूत होती. नूतनीकरण विसरणे हा कागदाचा दोष आहे. मुदत संपली म्हणून हाताला आलेले कसब जात नाही. याउलट अपात्रतेचा आदेश हा माणसाविषयीचा निर्णय आहे. अधिकाऱ्याने वा न्यायालयाने त्याचे वर्तन तपासून त्याला रस्त्यावरून दूर ठेवले आहे. हा भेद प्रस्तुत लेखकाला तर्कसंगत वाटतो, आणि तो पुढे पुसट झाला याची खंतही वाटते. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये कलमाची भाषा बदललेली दिसते. अपघाताच्या वेळी चालकाकडे 'परिणामकारक' परवाना असावा आणि तो अपात्र नसावा, असे त्यात म्हटले. 'पूर्वी धारण केला होता' हे शब्द गळाले. त्याबरोबर मुदत संपलेला, निलंबित झालेला, बनावट आणि चुकीच्या वर्गाचा असे सर्व परवाने 'परिणामकारक नसलेला परवाना' या एकाच पोत्यात भरले गेले.

वस्तुतः निलंबन ही कायद्याने नीट आखलेली गोष्ट आहे. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १९ नुसार परवाना प्राधिकारी अट्टल मद्यपी, अमली पदार्थांच्या अधीन झालेला, दखलपात्र गुन्ह्यासाठी वाहन वापरणारा किंवा पूर्वीच्या वर्तनावरून जनतेस धोकादायक ठरणारा चालक अपात्र ठरवू शकतो. त्यापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, कारणे नोंदवावी लागतात आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. कलम २० हा अधिकार न्यायालयाला देते. कलम २१ सर्वांत वेगळे आहे. धोकादायक वाहन चालविल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर, पुन्हा तशाच वर्तनाने मृत्यू वा गंभीर दुखापत घडविल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर त्याचा परवाना नोंदणीच्या तारखेपासून सहा महिन्यांसाठी कायद्यानेच निलंबित होतो. कलम २३ प्रमाणे अपात्रतेच्या काळात हातातील परवाना निष्प्रभ असतो. कार्ड खिशात असते, त्यावरील मुदतही पुढील सालापर्यंतची असते, पण त्या काळात कायद्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी असते. मालकाने ते कार्ड पाहिले तर त्याला काय कळणार?

मालकाचा दोष कोणता?

न्यायालयांनी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. परवाना नव्हता हे सिद्ध कोणी करायचे, हा त्यातील पहिला भाग. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या नार्सिन्व्हा कामत खटल्यात १९८५ मध्ये निर्णय झाला की ही जबाबदारी विमा कंपनीची आहे. साक्षीच्या वेळी चालकाने परवाना दाखविला नाही एवढ्यावरून तो नव्हताच, असे मानता येणार नाही. कंपनीने परिवहन कार्यालयातून पुरावा आणावा. आज हे साधे वाटते. परंतु त्यापूर्वी अनेक न्यायाधिकरणांत केवळ 'परवाना हजर केला नाही' एवढ्या शेऱ्यावर कंपन्या सुटत असत.

दुसरा भाग अधिक खोल होता. १९८७ च्या स्कँडिया विरुद्ध कोकिलाबेन या गुजरातमधील खटल्याची हकिगत कोणत्याही महामार्गावरील ढाब्यासमोर घडावी अशी आहे. मालट्रकचा परवानाधारक चालक इंजिन चालू ठेवून खाण्याचे पदार्थ आणण्यासाठी रस्ता ओलांडून गेला. मागे राहिलेल्या क्लीनरने ट्रक हाकला आणि एक जीव गेला. क्लीनरकडे परवाना नव्हता. न्यायमूर्ती ठक्कर यांच्या खंडपीठाने विचारले की अट मोडली कोणी? मालकाने परवानाधारक चालक नेमला होता. त्याने क्लीनरला गाडी चालविण्याची मुभा दिली नव्हती. जो भंग मालकाने केलाच नाही त्याचा आधार कंपनीला घेता येणार नाही. सक्तीच्या विम्याचा हेतू बळी पडलेल्याला भरपाई मिळावी हा आहे, आणि पॉलिसीचे वाचन त्या हेतूच्या प्रकाशात झाले पाहिजे, हे सूत्र येथे रुजले. १९९६ मध्ये सोहनलाल पासी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले.

त्यानंतर बनावट परवान्यांची लाट आली. २००१ मध्ये कमला खटल्यात न्यायालय म्हणाले की बनावट परवान्याचे नूतनीकरण झाले म्हणून तो खरा होत नाही. तथापि वारसांना रक्कम कंपनीने द्यावी आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर ती त्याच्याकडून वसूल करावी, असाही मार्ग दाखविला. २००३ च्या लेहरू खटल्यात मालकाकडून काय अपेक्षित आहे ते सांगितले गेले. मालकाने परवाना पाहावा, माणसाला गाडी चालविता येते याची खात्री करावी. त्याने देशभरातील परिवहन कार्यालयांकडे विचारणा करीत बसावे अशी अपेक्षा नाही.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा निवाडा म्हणजे ५ जानेवारी २००४ चा नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरणसिंग. सरन्यायाधीश खरे, न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती सिन्हा यांचे ते पीठ होते. परवाना नसणे, बनावट असणे, मुदतबाह्य असणे, वेगळ्या वर्गाचा असणे आणि चालक अपात्र ठरविलेला असणे या सर्व शक्यतांचा एकत्र विचार येथे झाला. निष्कर्ष असा की यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ स्वतःच्या बळावर कंपनीचा बचाव ठरत नाही. विमाधारक मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करावे. भंग सिद्ध झाला तरी तो अपघाताच्या कारणाशी निगडित, मूलभूत स्वरूपाचा असावा. आणि कंपनी मालकाविरुद्ध यशस्वी झाली, तरी न्यायाधिकरण तिला आधी तिऱ्हाइताला रक्कम देण्यास सांगून नंतर मालकाकडून वसुलीची मुभा देऊ शकते. वकिली भाषेत यालाच 'पे अँड रिकव्हर' म्हणतात.

ट्रॅक्टरबहुल भागासाठी २००१ चा नागशेट्टी निवाडाही नोंद घेण्याजोगा आहे. ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना असलेल्या माणसाने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निष्प्रभ होत नाही, असे त्यात ठरले. ऊस वाहतुकीच्या पट्ट्यात या एका वाक्याने किती मालकांना हायसे वाटले असेल, याची कल्पना सहज करता येते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते का, हा तशाच प्रकारचा वाद पुढे २०१७ च्या मुकुंद देवांगन निर्णयातून ६ नोव्हेंबर २०२४ च्या रंभादेवी खटल्यातील घटनापीठापर्यंत गेला आणि चालकांच्या बाजूने संपला.

ही सारी उदारता त्रयस्थाच्या दाव्यापुरती आहे, हे विसरून चालणार नाही. २००७ मध्ये लक्ष्मीनारायण धूत खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की स्वरणसिंग निवाड्याचे तत्त्व मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला लागू होत नाही. तो निखळ कराराचा विषय आहे. त्यामुळे परवाना निलंबित असताना मालकाने स्वतः गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च कंपनीकडून मिळण्याची आशा फारशी नसते. मालक-चालकासाठीच्या वैयक्तिक अपघात विम्यातही परिणामकारक परवान्याची अट आहे. या विम्याची रक्कम २०१८ मध्ये पंधरा लाखांपर्यंत वाढविण्यात आली; निलंबनाच्या काळात मृत्यू आल्यास कुटुंब नेमके तिलाच मुकू शकते. अपवाद २००३ च्या जितेंद्रकुमार खटल्याचा. यांत्रिक बिघाडाने गाडी पेटली आणि चालकाचा त्यात हात नव्हता, म्हणून परवान्याचा दोष असूनही दावा मान्य झाला.

सातबाऱ्यापर्यंत

'आधी द्या, मग वसूल करा' या सूत्रातील पहिल्या अर्ध्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यही आहे. वरवंड–पाटस रस्त्यावर सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलाला, किंवा पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या माणसाला, समोरून येणाऱ्या टेम्पोच्या चालकाचा परवाना मागच्या महिन्यात निलंबित झाला आहे हे कळण्याचा कोणताच मार्ग नाही. त्याच्या भरपाईचा हक्क त्या कागदावर अवलंबून ठेवणे अन्यायाचेच झाले असते. मात्र दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही.

१९८८ च्या कायद्यातील कलम १७४ चे शीर्षक 'विमा कंपनीकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली' अशा अर्थाचे आहे. म्हणजे हे साधन मुळात कंपनीने पैसे थकविल्यास तिच्याविरुद्ध वापरण्याचे. कलमाच्या आत मात्र 'कोणत्याही व्यक्तीकडून' असे शब्द आहेत. स्वरणसिंग निवाड्याने या शब्दांचा आधार घेऊन सांगितले की मालकाने तीस दिवसांत रक्कम भरली नाही तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुलीचे प्रमाणपत्र देऊ शकते. त्याच वर्षीच्या नंजप्पन खटल्यात आणखी एक पाऊल पडले : कंपनीने स्वतंत्र दावा लावण्याची गरज नाही, त्याच प्रकरणात अंमलबजावणीचा अर्ज पुरे, आणि अपघातातील वाहन तारण म्हणून जप्त करता येईल. कंपनीला आवरण्यासाठी केलेले शस्त्र अशा रीतीने कंपनीच्याच हाती आले. शीर्षक मात्र तसेच राहिले.

शेतकरी मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र तहसीलदारांकडे, तेथून तलाठ्याकडे येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे मागणीची नोटीस निघते. जंगम मालमत्तेने भागले नाही तर स्थावर मालमत्तेवर जप्ती येते. बोजाची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात चढली की त्या गटावर पीककर्ज मिळणे दुरापास्त होते. कर्त्या माणसाच्या मृत्यूच्या प्रकरणात भरपाईचा आकडा काही लाखांत सहज जातो, आणि त्यावर व्याज चढते. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि दोन एकर ऊस एवढेच भांडवल असलेल्या कुटुंबाला ही रक्कम पेलणारी नसते. ज्याच्या परवान्यावरून हे सारे झाले तो चालक बहुधा दुसऱ्या गाडीवर गेलेला असतो.

मालकाची बाजू नेहमीच निर्दोष असते, असे मात्र नाही. हंगामात माणूस मिळत नाही म्हणून 'लायसन नंतर बघू' असे म्हणणारे मालक सर्वांच्या परिचयाचे आहेत. २०२० च्या बेलीराम खटल्यात मालकाने तीन वर्षे चालकाच्या परवान्याचे नूतनीकरण झाले की नाही, हे पाहिलेच नव्हते. तेथे न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले आणि कंपनीला सोडले. ते चुकीचे झाले असे म्हणता येणार नाही. कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्याला गाडी न देणे हे मालकाचे स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून त्याच्या भंगाचा दंड एक हजारावरून पाच हजारांवर गेला आहे. निलंबित काळात गाडी चालविणाऱ्यासाठी तो पाचशेवरून दहा हजारांवर नेला गेला. प्रश्न आहे तो ज्याला कळण्याचा मार्गच नव्हता, अशा मालकाचा.

राज्य परिवहनाचे उदाहरण येथे जाता जाता आठवते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. राज्य परिवहन उपक्रमांनी स्वतःचा निधी उभारल्यास त्यांना सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची तरतूद १९३९ च्या कायद्यात होती आणि १९८८ च्या कायद्यातही राहिली. एसटीकडे सेवापुस्तक असते, आगार व्यवस्थापक असतो, चालकाच्या परवान्याची तारीख पाहणारा कारकून असतो. एका ट्रॅक्टरच्या मालकाकडे यांपैकी काहीही नसते, परंतु 'वाजवी काळजी'ची कसोटी दोघांना उद्देशून एकाच शब्दांत लिहिलेली आहे.

माहितीचा प्रश्न

वर उल्लेखिलेले गाजलेले निवाडे पाहिले तर एक गोष्ट जाणवते. त्यांत बनावट परवाना आहे, मुदतबाह्य आहे, चुकीच्या वर्गाचा आहे. निलंबित परवान्याची प्रकरणे मात्र विरळ आहेत. कारण उघड आहे. दीर्घकाळ निलंबनच विरळ होते. कलम १९ पुस्तकात होते, त्याचा वापर बेताचा होता.

२०१५ नंतर ही स्थिती बदलली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळविले की अतिवेग, लाल सिग्नल तोडणे, मालवाहू वाहनातून जादा माल वा माणसे नेणे, मद्यपान करून किंवा मोबाईलवर बोलत गाडी चालविणे या गुन्ह्यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. महाराष्ट्रातील परिवहन कार्यालयांनीही ही कारवाई हाती घेतली. यादीतील मालवाहू वाहनांचे दोन गुन्हे पाहावेत. ऊसतोडणी मजुरांना ट्रॉलीतून नेणे आणि क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरणे या दौंड, इंदापूर, बारामती पट्ट्यातील हंगामी व्यवहाराच्या नेहमीच्या बाबी आहेत. म्हणजे निलंबन ही आता अट्टल मद्यप्यापुरती शिक्षा राहिली नाही. ती सामान्य चालकाच्या वाट्याला, तीही ऐन हंगामात, येऊ शकते. तीन महिने म्हणजे जवळजवळ अर्धा गळीत हंगाम. घरी बसणे परवडत नाही म्हणून चालक कार्ड हरवल्याचे सांगून किंवा काहीच न सांगता दुसऱ्या मालकाकडे रुजू झाला, तर त्या मालकाने काय ओळखावे?

लाल पुस्तकी परवान्याच्या काळात निलंबनाचा शेरा पानावर लिहिला जाई आणि पाने चाळली की तो दिसे. प्लास्टिकच्या कार्डावर तो दिसत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतील दुरुस्तीनुसार अपात्र वा रद्द केलेल्या परवान्यांचा तपशील संकेतस्थळावर कालानुक्रमे नोंदविणे आवश्यक झाले. माहिती अस्तित्वात आली, पण ती मालकापर्यंत पोचविण्याचे कर्तव्य या दुरुस्तीने कोणाच्या शिरावर ठेवले नाही. बारामतीच्या परिवहन कार्यालयात आदेश निघाला तर तो चालकाच्या पत्त्यावर जातो. कोणाकोणाच्या गाडीवर तो चालक काम करतो, याची नोंद कार्यालयाकडे नसते, आणि कंपनीकडेही नसते.

या माहितीमुळे 'वाजवी काळजी'चा अर्थ बदलेल का? विमा कंपन्यांच्या बाजूने तसा युक्तिवाद करणे अवघड नाही : मोबाईलवर दोन मिनिटांत तपासता येत असताना तपासले नाही, हाच निष्काळजीपणा. न्यायालयाने अद्याप ती दिशा घेतलेली नाही. २०२२ च्या ऋषिपालसिंग आणि ऑक्टोबर २०२३ च्या गीतादेवी या दोन्ही खटल्यांत लेहरूचेच सूत्र पुढे चालविले गेले. परवाना सकृद्दर्शनी खरा दिसत असेल तर मालकाने परिवहन कार्यालयाकडे जाऊन खातरजमा करावी अशी अपेक्षा ठेवलेली नाही. पण ते खटले बनावट परवान्याचे होते. कार्ड खरे आहे, मुदतीत आहे आणि केवळ संकेतस्थळावरील नोंदीमुळे निष्प्रभ आहे, अशा परिस्थितीला ते सूत्र जसेच्या तसे लागू करता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. बनावट कार्ड ओळखायला तज्ज्ञ लागतो. निलंबनाची नोंद पाहायला परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख पुरते.

दरम्यान १ एप्रिल २०२२ पासून विम्याचे नवे अकरावे प्रकरण लागू झाले. जुन्या कलम ९६ चे, नंतरच्या १४९ चे, स्थान कलम १५० ने घेतले. वगळता येणाऱ्या चालकांच्या यादीत अपात्र व्यक्तीचा उल्लेख १९३९ मध्ये होता तसाच, 'अपात्रतेच्या मुदतीत' या मर्यादेसह, राहिला आणि त्याच्या शेजारी मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालविणाऱ्याची भर पडली. कलम २१ मधील आपोआप होणारे निलंबनही कायम आहे. त्याची सहा महिन्यांची मुदत पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जातो त्या दिवसापासून मोजली जाते. मालकाला तसे कळविण्याची तरतूद त्या कलमात नाही.